प्रश्नमंजूषा रचताना: आधी उत्तर, मग प्रश्न

पेरू, कान, दोहा, रोम. या चार शब्दांत समान काय आहे?

एक फळ, एक अवयव, एक काव्यप्रकार आणि अंगावरचा बारीक केस, इथवर कोणीही पोचतो. मग थोडा वेळ शांतता पसरते आणि अचानक कोणीतरी ओरडतं, “नकाशा!” दक्षिण अमेरिकेतला देश, चित्रपट महोत्सवासाठी ओळखलं जाणारं फ्रान्सचं शहर, कतारची राजधानी आणि इटलीची राजधानी. खाणं, सिनेमा, भूगोल आणि भाषा, चारही गोष्टी एका प्रश्नात आल्या, आणि त्यासाठी कोणाला काही पाठ असावं लागलं नाही.

सामान्यज्ञानाचे प्रश्न ढोबळपणे दोन जातींचे. एका जातीत उत्तर माहीत असेल तर येतं, नसेल तर माणूस हात जोडून बसतो. दुसऱ्या जातीत माहीत नसलं तरी डोकं चालवायला जागा असते. पहिल्या जातीचे थोडे प्रश्न लागतातच, पण संध्याकाळ रंगते ती दुसऱ्या जातीवर. असे प्रश्न कसे तयार करायचे आणि तीस-चाळीस जणांसमोर भांडण न होता ते कसे विचारायचे, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: माणसं आणि घड्याळ

खेळणारे कोण, हे आधी ठरवा. सगळे एकाच वयाचे असतील तर काम सोपं. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे असतील तर प्रत्येक संघात वयं मिसळून बसवा. संघ चार-पाच जणांचा बरा. सात-आठ जण झाले की दोघे उत्तरं देतात आणि बाकीचे गप्पा मारतात.

वेळेचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. प्रश्न एकदा वाचायचा, “पुन्हा सांगा” म्हटलं की पुन्हा वाचायचा, कुजबुज संपू द्यायची, उत्तर सांगायचं, त्यावरचा हशा ओसरू द्यायचा. एका प्रश्नाला दोन मिनिटं सहज जातात. म्हणून तासाभराला तीसपेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका. लिहिताना मात्र पंचेचाळीस लिहा, कारण पुढच्या पायऱ्यांत पंधरा गळणार आहेत.

दुसरी पायरी: उत्तरं गोळा करा

प्रश्न शोधायला बसू नका, उत्तरं शोधा. उत्तर असं हवं की ऐकल्यावर संघाने कपाळावर हात मारावा. ज्याचं नाव कोणी कधी ऐकलेलं नाही, त्याचं नाव उत्तर म्हणून ठेवण्यात काही हशील नाही. अवघड माहिती प्रश्नात घाला आणि उत्तर ओळखीचं ठेवा.

उदाहरण घ्या. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एदमाँ आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका वेलीच्या फुलाचं परागीकरण काडीने आणि अंगठ्याने करण्याची सोपी रीत शोधली. “हे कोणी केलं?” असं विचारलं तर खोलीत एकही हात वर होणार नाही. तोच प्रश्न उलटा करा: “ही वेल ऑर्किडच्या कुळातली, मूळची मेक्सिकोकडची. दुसऱ्या खंडांत नेली तेव्हा ती वाढली, फुललीही, पण शेंग धरेना. १८४१ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाने हाताने परागीकरण करून दाखवलं आणि तिची लागवड जगभर शक्य झाली. तिच्या शेंगेचा स्वाद तुम्ही सर्वांनी चाखला आहे. कोणता?” व्हॅनिला. शेंग, स्वाद, मेक्सिको, सगळ्यांनी चाखलेला, एवढ्या धाग्यांवरून निम्मी खोली उत्तरापर्यंत पोचते. मुलाचं नाव उत्तरानंतर सांगा, तेव्हा लोक ते लक्ष देऊन ऐकतात.

वहीत किंवा मोबाइलमध्ये एक साधी यादी ठेवा: उत्तर, त्याबद्दलची एक नवलाची गोष्ट आणि ती कुठे वाचली ते. वाचताना, सिनेमा बघताना, नकाशा चाळताना भर पडत जाते. प्रश्न लगेच लिहायची घाई नको.

तिसरी पायरी: पडताळणी

या पायरीचा आळस सगळ्यात महाग पडतो, आणि त्याची एक फार मजेदार गोष्ट आहे. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने अशाच चिल्लर माहितीचा कोश काढला होता. आपली मेहनत कोणी उचलली तर कळावं म्हणून त्याने त्यात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली. टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव मालिकेत कधी उच्चारलं जात नाही. वर्थने ते ‘फिलिप’ असल्याचं ठोकून दिलं. पुढे ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ हा खेळ जगभर गाजला आणि त्याच्या पत्त्यांवर हाच प्रश्न निघाला, उत्तर अर्थातच फिलिप. १९८४ मध्ये वर्थने ३० कोटी डॉलरचा दावा लावला. खेळ बनवणाऱ्यांनी कोश वापरल्याचं नाकारलं नाही, पण न्यायालयाने म्हटलं की तथ्यांवर कोणाची मालकी नसते, आणि वर्थ हरला. पेरलेलं फिलिप तथ्यच नव्हतं, हा भाग वेगळा.

तुमच्यावर कोणी दावा लावणार नाही, पण भर सभेत “हे चूक आहे” म्हणणारा एक तरी जाणकार प्रत्येक ठिकाणी बसलेला असतो. म्हणून दोन स्वतंत्र ठिकाणी पाहा. स्वतंत्र म्हणजे एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं नसावं. एकच वाक्य शब्दशः चार ठिकाणी दिसलं तर ती चार साक्षी नव्हेत, एकच आहे.

काही गोष्टी इतक्या गोड असतात की त्यांच्यावर आपोआप संशय घ्यावा. चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते (दिसत नाही). मार्को पोलोने चीनमधून इटलीत पास्ता नेला (इटलीत तो आधीपासून होता). गाजर खाल्ल्याने अंधारात दिसतं, या समजुतीला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराने खतपाणी घातलं. अशा थापा फेकून देऊ नका. ‘खरं की थाप’ अशी एक छोटी फेरी त्यांच्यावर उत्तम चालते.

चौथी पायरी: प्रश्नाला खिळे ठोका

प्रश्नाचं उत्तर एकच निघालं पाहिजे. हे वाचायला सोपं आहे, करायला नाही.

“जगातला सर्वात उंच पर्वत कोणता?” हा प्रश्न बाळबोध वाटतो. पण पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्याने तिच्या केंद्रापासून सर्वात दूरचं शिखर इक्वेडोरमधलं चिंबोराझो आहे, आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून मोजलं तर हवाईतला मौना केआ एव्हरेस्टच्या वर जातो. ‘समुद्रसपाटीपासून’ हा एक शब्द घातला की ८,८४८.८६ मीटरचा एव्हरेस्ट निर्विवाद होतो. तसंच वाळवंटाचं. ‘सर्वात मोठं वाळवंट’ म्हटलं तर अंटार्क्टिका, ‘सर्वात मोठं उष्ण वाळवंट’ म्हटलं तर सहारा. ‘सर्वात लांब नदी’ मात्र विचारूच नका. नाईल की ॲमेझॉन, हे कुठून मोजायला सुरुवात करता त्यावर ठरतं आणि भूगोलाच्या अभ्यासकांतही त्यावर वाद आहे.

“सर्वाधिक ऑस्कर मिळवणारा चित्रपट कोणता?” इथे एकवचनाने घोळ होतो. ११ ऑस्कर तीन चित्रपटांकडे आहेत: ‘बेन हर’ (१९५९), ‘टायटॅनिक’ (१९९७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतला तिसरा (२००३). हाच प्रश्न “तिघांची नावं सांगा, प्रत्येकी एक गुण” असा केला तर तो छान होतो, कारण दुसरं नाव आठवताना संघात खरी चर्चा होते.

दुसरा खिळा काळाचा. उत्तरं शिळी होतात. कझाकस्तानची राजधानी आस्ताना होती, २०१९ मध्ये नूर-सुलतान झाली, २०२२ मध्ये पुन्हा आस्ताना. सर्वाधिक चंद्रांचा मान २०२३ च्या सुरुवातीला काही महिने गुरूकडे गेला होता, त्याच वर्षी शनीने तो परत घेतला. जुन्या वहीतला प्रश्न काढलात तर विचारण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. ‘सध्या’, ‘आजवर’, ‘नुकताच’ हे शब्द दिसले की थांबा आणि त्यांच्या जागी साल घाला.

पाचवी पायरी: विषयवार फेऱ्या

भूगोलात राजधान्या विचारण्याचा मोह आवरा. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नसून कॅनबेरा आहे, हे आता प्रश्नमंजूषेला येणाऱ्या प्रत्येकाला कळून चुकलं आहे. त्यापेक्षा डोळे मिटून नकाशा फिरवायला लावणारे प्रश्न घ्या. “फ्रान्सची सर्वात लांब भूसीमा कोणत्या देशाशी आहे?” स्पेन, बेल्जियम, जर्मनी अशी उत्तरं येतील. खरं उत्तर ब्राझील, कारण दक्षिण अमेरिकेतला फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग आहे. तिथली सीमा ७०० किलोमीटरहून लांब आहे, स्पेनबरोबरची सुमारे ६२० किलोमीटर. किंवा: “या देशातून समुद्र गाठायचा तर किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतात. जगात असे दोनच देश आहेत, एक युरोपात, एक आशियात.” लिख्टेनश्टाइन आणि उझबेकिस्तान. आशियातला देश संघ शोधून काढतात, युरोपातला बहुतेकांना सांगावा लागतो.

खाण्याच्या फेरीत लोक सगळ्यात जास्त बोलतात, कारण इथे प्रत्येकाला मत असतं. चांगला मार्ग म्हणजे नाव एका ठिकाणचं आणि जन्म दुसऱ्या ठिकाणचा असे पदार्थ. अननस घातलेला हवाईयन पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत, ग्रीसमधून आलेल्या सॅम पानोपूलोस यांनी केला. सीझर सॅलडमधला सीझर रोमन सम्राट नाही, मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात उपाहारगृह चालवणारा इटालियन गृहस्थ आहे. वनस्पतिशास्त्राचे प्रश्न विचारताना मात्र ‘वनस्पतिशास्त्रानुसार’ हा शब्द विसरू नका. त्या हिशेबाने केळं बेरीत मोडतं आणि स्ट्रॉबेरी मोडत नाही, टोमॅटो हे फळ आहे. पण १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयात करासाठी टोमॅटोला भाजी ठरवलं, कारण तेव्हा भाजीवर कर होता आणि फळावर नव्हता. शास्त्र एकीकडे आणि जकात दुसरीकडे, असा हा सुंदर प्रश्न कुठल्याही फेरीत चालतो.

सिनेमा, मालिका, गाणी, व्हिडिओ गेम यांच्या फेरीत वयाचा पक्षपात शिरतो. प्रश्न लिहून झाले की प्रत्येकासमोर त्याचं दशक लिहा. सगळे प्रश्न तुमच्या कॉलेजच्या वर्षांतले निघाले तर निम्मे काढून टाका. आणि आठवणीवर विसंबून कुठलाही संवाद उद्धृत करू नका. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे वाक्य कॉनन डॉयल यांच्या होम्सकथांत जसंच्या तसं कुठेच नाही. फ्रँकेन्स्टाइन हे १८१८ च्या कादंबरीतल्या शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने घडवलेल्या प्राण्याला नावच नाही. या दोन्हींतून प्रश्न निघतात, फक्त ते नीट विचारावे लागतात. या फेरीसाठी माझा आवडता नमुना: “१९८१ च्या आर्केड खेळात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला ‘जंपमॅन’ म्हणत आणि तो सुतार होता. नंतर त्याने पेशा बदलला, मिशा मात्र ठेवल्या. तो कोण?” लहान मुलंच आधी ओरडतात: मारिओ.

शब्दखेळ, जरा निवांत

ही फेरी मुद्दाम वेगळी काढली, कारण ती उसनी आणता येत नाही. भूगोलाचा प्रश्न कुठल्याही भाषेतून उचलता येतो, शब्दखेळ मराठीतच घडवावा लागतो. शिवाय मोबाइलवर शोधून त्याचं उत्तर सहज सापडत नाही, हा फायदा लहान नाही.

सुरुवात दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या शब्दांनी करा. ‘रामाला भाला मारा’ आणि ‘टेप आणा आपटे’ सगळ्यांना येतात, तेव्हा ती उदाहरणं म्हणून सांगा आणि प्रश्न नवीन विचारा: “एका भारतीय भाषेचं नाव उलटसुलट सारखंच वाचलं जातं. कोणती?” मलयालम (‘मल्याळम’ असं न लिहिता). म, ल, या, ल, म. इथे नियम आधी जाहीर करा की एकक म्हणजे पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. आणि ऱ्हस्व-दीर्घाचं काय, तेही. ‘चिमा काय कामाची’ हे लाडकं वाक्य काटेकोर पाहिलं तर चि आणि ची यांवर अडतं. मी ऱ्हस्व-दीर्घाची सूट देतो. तशी सूट दिली की आणखी एक गंमत हाताला लागते: “पेरूची राजधानी उलटी वाचा आणि आफ्रिकेत जा.” लिमा, माली.

मग अक्षरांची अदलाबदल. मका उलटा केला की काम, नदी उलटी केली की दीन. दोन अक्षरांचे शब्द सोपे, तीन अक्षरांवर वेळ लागतो, चारच्या पुढे जाऊ नका. जोडाक्षरं टाळा, नाहीतर ‘क्त’ हे एक अक्षर की दोन यावर सभा भरेल.

सगळ्यात रंगतो तो लपलेल्या शब्दांचा खेळ. हे वाक्य फळ्यावर लिहा:

“तिने पाळलेल्या पोपटाने आज पान कुरतडलं आणि त्याची नजर डब्यावर गेली.”

यात आशियातले तीन देश लपलेत. शब्दांमधली जागा पुसून वाचा: ति-नेपाळ-लेल्या, आ-जपान, त्या-चीन-जर. असं वाक्य रचायला दिसतं त्याहून सोपं आहे. मराठीत ‘चा, ची, चे, ने, ला’ हे प्रत्यय शब्दाच्या शेवटी सतत येतात, तेव्हा त्या अक्षराने सुरू होणारी नावं शोधा आणि उरलेली अक्षरं पुढच्या शब्दाच्या तोंडी बसवा. ‘त्याचा डबा’मध्ये चाड आहे, ‘फोटो गोळा’मध्ये टोगो आहे, ‘हे का नको’मध्ये कान आहे. लाओस, घाना, ओमान तुमच्यासाठी सोडतो. एक सूचना: हे प्रश्न तोंडी विचारू नका. बोलताना ‘आज’चा ज अर्धवट उच्चारला जातो, त्यामुळे कानाला जपान सापडत नाही, डोळ्यालाच सापडतो.

क्रम लावताना

पहिला प्रश्न असा की प्रत्येक संघाला यावा. शून्यावर बसलेला संघ तिसऱ्या प्रश्नाला मोबाइलकडे वळतो. फेरीतला सर्वात कठीण प्रश्न शेवटी नको, शेवटून दुसरा ठेवा. एकामागे एक दोन लांबलचक प्रश्न नकोत. सालं विचारणारे प्रश्न सगळ्या फेऱ्या मिळून दोन पुरेत.

वाचून पाहा

लिहिलेला प्रश्न मोठ्याने वाचा. श्वास पुरला नाही तर वाक्य तोडा. ‘कोण’, ‘कोणता’, ‘किती’ हे वाक्याच्या अखेरीस येऊ द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला सगळे धागे मिळाल्यावर नेमकं काय हवं ते कळतं. ‘नसलेला’, ‘वगळता’ असे नकार प्रश्नाच्या मध्यावर हमखास हरवतात. ते ठेवायचेच असतील तर आवाज चढवा.

मग खेळात नसलेल्या एका माणसाला सगळे प्रश्न विचारून बघा. त्याने चुकीचं उत्तर दिलं तर लगेच सुधारू नका, “असं का वाटलं?” विचारा. त्याचा तर्क बरोबर निघाला तर दोष तुमच्या प्रश्नात आहे. तुमचे जास्तीचे पंधरा प्रश्न इथेच गळतात.

गुण, वाद, बरोबरी

उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तरासमोर चालणारे पर्याय आधीच लिहून ठेवा. कान हे शहर काहीजण ‘कान्स’ म्हणून ओळखतात. भूगोलाच्या फेरीत दोन्ही मान्य करा, शब्दखेळात प्रश्नातच ‘फ्रेंच उच्चाराप्रमाणे’ असं म्हणा. व्यक्तीचं आडनाव पुरेसं आहे की पूर्ण नाव हवं, हे फेरीच्या आधी सांगा. अर्धे गुण देणार असाल तर सगळ्या फेऱ्यांत द्या.

हरकत घ्यायची तर उत्तर सांगितल्यावर लगेच, फेरी संपल्यावर नाही. हरकत पटली तर तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करा. एकाच संघाला गुण वाढवून देऊ नका, कारण दुसऱ्या कुणीतरी तेच उत्तर लिहून खोडलेलं असतं.

बरोबरी झाली तर सर्वात जवळचा आकडा सांगणारा जिंकतो, असा प्रश्न हाताशी ठेवा. आकडा असा हवा की नेमका कोणालाच ठाऊक नसावा, पण अंदाज बांधता यावा. “सुएझ कालवा कोणत्या वर्षी वाहतुकीला खुला झाला?” (१८६९.) “सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला सरासरी किती सेकंद लागतात?” (सुमारे ४९९.) दुसरा जास्त चांगला, कारण ‘आठ मिनिटं आणि काहीतरी’ एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं आणि सगळी चुरस त्या ‘काहीतरी’वर होते. दोन्ही संघांनी उत्तर कागदावर लिहून एकाच वेळी उघडायचं. असे दोन प्रश्न लिहून ठेवा, कारण आठ मिनिटं वीस सेकंद म्हणजे ५०० असं दोघांनीही लिहिलेलं असू शकतं.